बाळाची गुळणी आणि आम्लाचे औषध: काय पाहायचे आणि किती दिवस पाहायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतर आईवडिलांनाही संदर्भ कळेल. तुमचा मुलगा नऊ आठवड्यांचा आहे. जन्माच्या वेळी त्याचे वजन २.९ किलो होते, आता ४.६ किलो आहे. प्रत्येक पाजण्यानंतर तो गुळणी टाकतो, कधी तासाभराने दह्यासारखे फुटलेले दूध बाहेर येते, आणि संध्याकाळी तो पाठीची कमान करून बराच वेळ रडतो. तुम्ही त्याला अंगावर पाजता, पण रात्री एकदा १२० मिलिलिटर पावडरचे दूध बाटलीने दिले जाते. शीमध्ये अधूनमधून शेंबडासारखा चिकटपणा दिसतो आणि गालांवर खरखरीत लाल पुरळ आहे. डॉक्टरांनी आधी दोन आठवडे डोम्पेरिडोनचे थेंब दिले. फरक पडला नाही, म्हणून पाच दिवसांपूर्वी त्यांच्या जोडीला लॅन्सोप्राझोल सुरू केले. तरीही लाळेरी पहिल्याइतकीच भिजत आहेत. औषध लागू पडत नाही का, डोस वाढवून घ्यावा का, की सासूबाई म्हणतात तसे गुटी द्यावी आणि बाळाला पालथे झोपवावे, असे तुम्ही विचारले आहे.

सर्वांत आधी वजनाकडे पाहू या, कारण गुळणी टाकणाऱ्या बाळाच्या बाबतीत वजनाचा काटा हा माझा पहिला साक्षीदार असतो. ६३ दिवसांत १.७ किलो म्हणजे दिवसाला सरासरी २७ ग्रॅम वाढ झाली. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. त्यामुळे तुम्हाला अर्धे दूध बाहेर पडल्यासारखे वाटत असले, तरी बाळाला पुरेल इतके दूध पोटात राहत आहे. फरशीवर सांडलेले दोन चमचे दूध केवढे मोठे थारोळे करते, ते एकदा स्वतः सांडून पाहा. बहुतेक आयांची निम्मी भीती तेथेच कमी होते. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा शू होत असेल, तर तीही याच बाजूची साक्ष आहे.

तरीही पुढील गोष्टींपैकी काही दिसले, तर हे उत्तर बाजूला ठेवून त्याच दिवशी बाळाला दाखवा. उलटी हिरवी असेल तर रात्र असो वा दिवस, थेट मोठ्या रुग्णालयात जायचे, कारण आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते आणि तेथे तासांना किंमत असते. प्रत्येक पाजण्यानंतर जोराने, हातभर लांब फेकली जाणारी आणि वाढतच जाणारी उलटी, आणि उलटीनंतर लगेच पुन्हा भुकेने वखवखणारे बाळ, हे चित्र जठराचे खालचे तोंड अरुंद झाल्याचे असते. हा आजार मुलग्यांमध्ये जास्त आढळतो, बहुधा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात सुरू होतो आणि साध्या सोनोग्राफीत कळतो. उलटीत किंवा शीमध्ये रक्त, फुगलेले कडक पोट, ताप, मलूलपणा, फुगलेली टाळू, दूध पूर्ण नाकारणे, श्वास थांबणे किंवा निळे पडणे आणि वजन न वाढणे या गोष्टींनाही गुळणी समजून घरी थांबायचे नाही. तुमच्या वर्णनात यांपैकी काही नाही.

आता दूध वर का येते ते पाहू. अन्ननलिका जेथे जठराला मिळते तेथील स्नायूंचे कडे तान्ह्या बाळात अधूनमधून आपोआप सैल पडते, अन्ननलिका आखूड असते, बाळ दिवसाचा बहुतेक वेळ आडवे असते आणि त्याचा सगळा आहार पातळ असतो. त्यात प्रमाण लक्षात घ्या: या वयाचे बाळ दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १५० मिलिलिटर दूध पिते. साठ किलोच्या माणसाने त्याच हिशेबाने प्यायचे ठरवले, तर रोज नऊ लिटर होतील, तेही आडवे पडून. शिकागो परिसरातील निरोगी बाळांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळे दिवसातून किमान एकदा गुळणी टाकत होती, चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेले आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते ५ टक्क्यांवर आले. ही चढण मी मुद्दाम सांगत आहे. तुमचे बाळ आता नऊ आठवड्यांचे आहे, म्हणजे सगळे उत्तम चालले तरीही पुढचे काही आठवडे गुळण्या वाढण्याची शक्यता आहे, आणि त्या वाढल्या म्हणून काही बिघडले असे समजू नये.

तुमच्या प्रश्नाचा खरा गुंता औषधाकडून ठेवलेल्या अपेक्षेत आहे. लॅन्सोप्राझोल, ओमेप्राझोल, इसोमेप्राझोल ही औषधे जठरातील आम्ल तयार करणारे पंप बंद करतात. दूध वर येणे ती थांबवत नाहीत. वर येणाऱ्या दुधातील आम्ल कमी होते, एवढेच त्यांचे काम. म्हणून लाळेरी किती भिजली यावरून या औषधाची परीक्षा घेतली, तर ते प्रत्येक वेळी नापासच होणार, आणि मग डोस वाढवण्याची, औषध बदलण्याची मालिका सुरू होते. शिवाय दूध स्वतःच आम्ल शोषून घेते; पाजल्यानंतर पहिला तासभर बाळाच्या पोटात फारसे आम्ल मोकळे नसते, त्यामुळे लगेच येणाऱ्या गुळणीने अन्ननलिका भाजते ही कल्पनाही बहुतेक बाळांच्या बाबतीत बरोबर नाही.

रडण्यासाठी तरी या औषधाचा उपयोग होतो का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाजण्याच्या सुमारास रडणाऱ्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल आणि निम्म्यांना औषध नसलेला तसाच दिसणारा द्रव चार आठवड्यांपर्यंत देण्यात आला. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना बरे वाटले, आणि छातीचा संसर्ग मात्र औषधाच्या गटात अधिक दिसला. जठरातील आम्ल हे जंतूंविरुद्धचे एक कुंपण आहे. ते काढले की काही जंतू आत येतात. २०१८ साली युरोप आणि उत्तर अमेरिकेतील बालपचनतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्तपणे स्पष्ट केले, की एरवी निरोगी असलेल्या बाळाला केवळ गुळण्यांसाठी किंवा केवळ रडण्यासाठी आम्लरोधक औषध देऊ नये.

मग तुमच्या डॉक्टरांनी ते चुकीचे दिले का? मी बाळाला तपासलेले नाही, त्यांनी तपासले आहे. बाळ पिता पिता स्तन सोडून किंचाळत असेल, भूक असूनही प्यायला नाखूश असेल, तर मर्यादित काळासाठी हे औषध देऊन पाहणे योग्य ठरू शकते. माझा आग्रह एवढाच, की ‘देऊन पाहणे’ या शब्दांतील ‘पाहणे’ खरोखर व्हावे. एका कागदावर रोज तीनच नोंदी करा: किती वेळा पाजणे रडून मध्येच सुटले, संध्याकाळी अंदाजे किती मिनिटे रडणे झाले, आणि रात्रीची सर्वांत लांब झोप किती तासांची होती. गुळण्या मोजू नका. पाच दिवस हा निकाल लावण्यासाठी अपुरा काळ आहे. दोन आठवडे पूर्ण होऊ द्या. त्यानंतर या नोंदींत ठळक फरक नसेल, तर डॉक्टरांशी बोलून औषध थांबवा, डोस वाढवून पाहण्यात अर्थ नाही. फरक दिसला, तरी चार आठवड्यांच्या आसपास ते थांबवून पाहणे आवश्यक आहे, कारण तान्ह्या बाळांचे रडणे साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात कळसाला पोहोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरते. सहाव्या-सातव्या आठवड्यात सुरू केलेल्या कोणत्याही उपायाला, मग तो औषधाचा असो, गुटीचा असो वा दृष्ट काढण्याचा, तिसऱ्या महिन्यात यश आल्यासारखे दिसते. औषध बंद केल्यावरही बाळ शांत राहिले, तर श्रेय वाढत्या वयाचे होते हे कळते आणि बाळ अनेक महिने विनाकारण औषध घेण्यापासून वाचते. सहा-सहा महिने हे औषध चालू असलेली बाळे माझ्याकडे येतात आणि ते का चालू आहे हे घरात कोणालाच आठवत नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देण्याच्या पद्धतीविषयी दोन गोष्टी. हे औषध पाजण्यापूर्वी अर्धा तास, शक्यतो सकाळच्या पहिल्या पाजण्याआधी द्यावे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचा भाग करून दिला जात असेल, तर त्यातील बारीक कण तळाशी बसतात, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेल्या पाण्यात गोळी घालून, ढवळून, लगेच सिरिंजमध्ये ओढून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. कण खलात कुटू नका, कारण त्यांच्यावरील आवरण आम्लापासून औषधाचे रक्षण करण्यासाठीच असते. औषध दिल्यावर बाळाने उलटी केली, तर स्वतःच्या मनाने दुसरा डोस देऊ नका. औषध चालू असताना खोकला, ताप किंवा जुलाब झाले, तर हे औषध चालू आहे ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डोम्पेरिडोनविषयी मात्र मला अधिक काळजी वाटते. माझ्या व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः हे थेंब बऱ्याच बाळांना लिहून दिले, कारण तेव्हा सगळेच देत होते आणि आई काहीतरी उपाय मागत समोर बसलेली असे. आता मी ते देत नाही. गुळण्या कमी करण्याच्या बाबतीत त्याचा भक्कम पुरावा नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवण्याचा धोका, लहान का असेना, खरा आहे. याच कारणाने युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली त्यावर निर्बंध घातले आणि ब्रिटनने २०१९ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी त्याची शिफारस काढून टाकली. तोंडातील पांढऱ्या बुरशीसाठी फ्लुकोनाझोल किंवा संसर्गासाठी एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन यांपैकी काही बाळाला चालू झाले, तर हा धोका वाढतो. आणखी एक बाब प्रत्येक घरात माहीत असायला हवी: आपल्याकडे डोम्पेरिडोनच्या थेंबांच्या बाटलीत साधारणपणे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, तर मोठ्या बाटलीतील पातळ औषधात एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात एक नाही म्हणून दुसरे दिले गेले आणि मात्रा तीच ठेवली, की डोस दहापट चुकतो. तुमच्या घरातील बाटलीवरील हा आकडा आजच वाचा. दोन आठवड्यांत फरक पडलेला नसताना ते चालू ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. डॉक्टरांना फोन करून ते थांबवण्याविषयी विचारा.

रॅनिटिडीनची जुनी चिठ्ठी एखाद्या नातेवाइकाने दिली, तर तिचाही उपयोग करू नका. त्यात कर्करोगाशी संबंध असू शकणारी अशुद्धी सापडल्यामुळे अमेरिकेने २०२० साली ते बाजारातून काढायला लावले, आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ साली वगळले गेले. पोटदुखीच्या काही थेंबांत डायसायक्लोमिन असते. सहा महिन्यांखालील बाळात त्याने श्वास थांबण्याचा धोका असल्यामुळे ते अजिबात द्यायचे नाही.

तुमच्या वर्णनातील एका धाग्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. शीमधील चिकट शेंबूड, गालांवरचे खरखरीत पुरळ, गुळण्या आणि रडणे हे चौघे एकत्र आले, की गाईच्या दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही शक्यता तपासायला हवी. ती असेलच असे नाही; शेंबूड निरोगी बाळाच्या शीमध्येही दिसू शकतो. पण वर सांगितलेल्या मार्गदर्शनात आम्लरोधक औषध देण्यापूर्वी दोन ते चार आठवडे हा आहारबदल करून पाहण्याची शिफारस आहे, आणि माझाही क्रम हाच असतो. अंगावर पाजणे थांबवायचे नाही. आईने आपल्या आहारातून दूध, दही, ताक, पनीर, चीज, खवा, दुधाची खीर, मिठाई आणि दुधाची भुकटी असलेली बिस्किटे पूर्णपणे काढायची. बाळंतिणीच्या आहारात आपण सगळे काही दुधातच करतो, त्यामुळे हे अवघड आहे याची मला कल्पना आहे. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करता येते, डिंकाचे लाडू त्या काळात तेलावर करता येतात, आणि कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, पालेभाज्या यांबरोबर गोळीही लागते. तिखट, डाळी, वांगे, आंबट असे बाकी काहीही बंद करण्याची गरज नाही. पाजणाऱ्या आईला वरणाच्या पाण्यावर ठेवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही.

आणि रात्रीची ती बाटली? पावडरचे दूध गाईच्या दुधापासूनच बनते, त्यामुळे आहारबदलाच्या काळात त्या जागी तुमचे काढून ठेवलेले दूध द्यावे लागेल. शेळीचे किंवा म्हशीचे दूध हा पर्याय नाही, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात. दोन-चार आठवड्यांत स्पष्ट फरक पडला, तर पुन्हा दूध घेऊन लक्षणे परत येतात का ते पाहायचे. त्याशिवाय ॲलर्जीचा शिक्का मारायचा नाही. फरक नसेल, तर तुम्ही सुखाने दहीभात खा. औषध आणि आहारबदल एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. तुमचे औषध सुरू झालेच आहे, म्हणून आधी ते थांबवून आहारबदल करायचा, की त्याचे दोन आठवडे पूर्ण करून मग, हे डॉक्टरांबरोबर ठरवा.

बाटलीतील मात्राही कमी करायला हवी. ४.६ किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ६९० मिलिलिटर दूध लागते. आठ वेळांत वाटले, तर एका वेळी ८५ ते ९० होते. एकदम १२० मिलिलिटर दिल्यावर जास्तीचे दूध बाहेर येणारच. पाव्हण्यांसमोर बाटली संपवण्याचा हट्टही नको. अंगावर पाजताना दूध जोरात येऊन बाळ ठसकत असेल, तर थोडे मागे रेलून पाजा, म्हणजे दुधाची धार वरच्या दिशेने चढत जाते आणि तिचा जोर कमी होतो. रडले की लगेच पुन्हा पाजणे टाळा. आधी ढेकर काढा, लंगोट पाहा, खांद्यावर घेऊन फिरा. पाजल्यावर वीस ते तीस मिनिटे बाळाला सरळ, छातीला लावून धरा. कमरेत दुमडून बसवू नका, कारण पोट दाबले गेले की दूध अधिक येते. मालिश आणि आंघोळ पाजण्याआधी उरकावी; पोट भरलेल्या बाळाला पायांवर पालथे घालून चोळल्यावर तो गुळणी टाकतो, यात नवल नाही. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये. धुपाची धुरीही बाळाच्या श्वासमार्गाला त्रास देते, म्हणून ती बंद करा.

झोपेविषयी सासूबाईंची भीती मी समजू शकतो, कारण उताणे बाळ दुधाने गुदमरेल असे वाटणे स्वाभाविक आहे. शरीराची रचना मात्र उलट सांगते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेले दूध खालीच साचते आणि बाळ ते गिळते किंवा थुंकते. पालथ्या बाळात अन्ननलिका वर येते आणि दुधाला श्वासनलिकेकडे उतार मिळतो. पालथे झोपवल्याने झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो. म्हणून गुळणी टाकणाऱ्या बाळालाही उताणेच, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचे. डोक्याखाली मोहरीची उशी नको, गादीखाली विटा ठेवून उतार नको. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि पोट दुमडते, म्हणून रात्रीच्या झोपेसाठी तीही नको.

गुटीबाबत माझे मत स्पष्ट आहे, आणि ते परंपरेचा अनादर म्हणून नाही. वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे किती वेढे उगाळले गेले, सहाण आणि पाणी किती स्वच्छ होते, यावर कोणाचेच नियंत्रण नसते. जायफळाने बाळ गुंगू शकते आणि पाण्याने जुलाब लागू शकतात. मधाचे बोट तर वर्ष पूर्ण होईपर्यंत अजिबात नको. दूध दाट करण्यासाठी बाटलीत तांदळाचे पीठ घालण्याचा सल्लाही मिळेल. सहा महिन्यांआधी तो स्वतःहून अमलात आणू नका. सासूबाईंच्या हातांना काम द्यायचे असेल, तर पाजल्यानंतरची ती वीस मिनिटे बाळाला छातीशी धरून बसण्याचे काम त्यांना द्या. ते उपयोगी आहे आणि तेवढ्यात तुम्हाला आडवे होता येईल.

तुमच्याविषयीही लिहायला हवे. ‘मला आता त्याला हातात घ्यायचीही भीती वाटते’ हे तुमच्या प्रश्नातील वाक्य मी दोनदा वाचले. रडणे असह्य झाले, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे योग्य आहे. रागाच्या भरात बाळाला हलवणे मात्र त्याच्या मेंदूला कायमची इजा करू शकते. बाळ झोपले असतानाही झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीत बोलता येते आणि तो विनामूल्य आहे.

पुढच्या आठवड्यात दहा आठवड्यांच्या लसीसाठी तुम्ही जाणारच आहात. जाताना माता आणि बाल संरक्षण कार्ड, नोंदींचा कागद, दोन्ही औषधांच्या बाटल्या किंवा वेष्टने आणि तुम्ही वापरता ती सिरिंज बरोबर न्या, आणि शीमध्ये शेंबूड दिसलेल्या लंगोटाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वजन बाळाचे सगळे कपडे काढून, शक्यतो आधीच्याच काट्यावर करून घ्या. मग डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: डोम्पेरिडोन थांबवायचे का, लॅन्सोप्राझोलचा निकाल कोणत्या तारखेला पाहायचा, आणि दुधाचा आहारबदल कधी सुरू करायचा. ती तारीख त्यांच्याकडून कार्डावरच लिहून घ्या.